भिंतीवरचे ओरखडे

घोडे एका जागेहून दुसरीकडे पोचवणं हेच माझं काम, गाडी मीच चालवतो आणि चढवणं-उतरवणंही मीच बघतो. त्या दिवशी जी घोडी न्यायची होती तिच्याबद्दल फोनवरच कळलं होतं की ती गाडीत वेडी होते, लाथा झाडते, मागच्या खेपेला घामाने निथळत आणि पाय सोलून उतरली, आणि दोन ड्रायव्हरांनी तिला न्यायला सरळ नकार दिलाय.

सकाळी पोचलो तर घोडी निवांत उभी. मोतद्दार काका खरारा करत होते, तिचा एक कान त्यांच्याकडे, मागचा एक पाय सैल सोडलेला. बिथरट जनावर असं उभं राहत नाही. मी काकांना विचारलं, मागच्या वेळी कशातून आणली? मालकांचा ट्रेलर तिथेच मागे उभा होता, मी आत शिरलो.

एका बाजूची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत नालांनी खरवडून निघालेली, रंग जाऊन आतला पत्रा उघडा पडलेला. पण ओरखडे तिरपे, खालून वर चढत गेलेले, एकावर एक. आणि मागच्या दारावर एक वण नाही. लाथा झाडणारं जनावर आधी मागचं दार ठोकतं. म्हणजे हिने लाथा मारल्याच नव्हत्या, ती पडत होती आणि न पडण्यासाठी धडपडत होती.

मधलं पार्टिशन पार जमिनीपर्यंत आलेलं, एका घोड्याच्या अंगाएवढीच जागा. चालत्या गाडीत घोड्याला तोल सांभाळायला पाय फाकवून उभं राहावं लागतं, विशेषतः वळणावर आणि ब्रेक लागला की. इथे पाय बाजूला टाकायलाच जागा नाही, मग तोल गेला की ती पार्टिशनला रेलणार आणि पाय समोरच्या भिंतीवर चढणार. त्यात ती उड्या मारते म्हणून तिचं डोकं अजूनच आखडून बांधलेलं, आणि तोल सांभाळताना घोड्याला मान लागतेच.

मालक म्हणाले, भाऊ, गुंगीचं इंजेक्शन देऊया का, डॉक्टरांना बोलावतो. मी म्हटलं दादा, हिचा प्रॉब्लेम तोलाचा आहे, गुंगीत तो अजून जाईल. आधी जागा देऊन बघू.

माझ्या गाडीतलं पार्टिशन काढलं, खाली रबराची मॅट होतीच. दोरी एवढी ठेवली की डोकं खाली गुडघ्यापर्यंत जावं पण पाय अडकू नये, आणि ती पातळ सुतळीच्या फासात बांधली, जोराचा हिसका बसला तर सुतळी तुटावी म्हणून. डोकं खाली जाण्याबद्दल मी फार आग्रही आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी एक तरणा घोडा दहा तास आखडून बांधून नेला होता, उतरला तेव्हा ठीक वाटला आणि दुसऱ्या दिवशी 40 अंश सेल्सिअस ताप. चरताना घोड्याची मान खाली असते तेव्हा श्वासनळीतली धूळ आणि शेंबूड बाहेर निघतो, तासन्तास मान वर ठेवली की तेच सगळं फुफ्फुसात उतरतं. तो वाचला, पण पहिल्यासारखा धावू शकला नाही कधी, आणि ते माझ्या हातून झालं.

घोडी चढायला पाऊण तास लागला. रॅम्पवर दोन पाय ठेवायची आणि बुजून मागे यायची, नाकपुड्या फुललेल्या, फुरफुरत. काकांनी कुणाला मागून हुसकू दिलं नाही, ती मागे गेली की तेही मागे. शेवटी स्वतःच आत गेली. चढवायच्या आधी जबड्याखाली नाडी मोजली होती, मिनिटाला 40, म्हणजे निवांत.

प्रवास सहा तासांचा. पहिलं वळण मी इतकं हळू घेतलं की मागच्याने हॉर्न मारला, वाजवू दे. शेजारी काका मोबाईलवर आतला कॅमेरा बघत होते. टापांचा खडखड आवाज झाला, माझा जीव वर आला, आणि काका म्हणाले, "फाकवले बघ, चारी पाय फाकवले." तिरकी उभी राहिली होती ती, स्वतःच्या सोयीने.

दोन तासांनी थांबलो, नाडी 64, मानेवर घाम होता पण निथळत नव्हती. तिच्याच तबेल्यातलं पाणी बरोबर घेतलं होतं कारण नव्या चवीचं पाणी बरेच घोडे तोंडातच घेत नाहीत आणि मग कोरडं पोट तुंबून पोटशूळ होतो. तिने नुसतं तोंड बुडवलं. गवत भिजवून खाली टाकलं तेव्हा मान खाली घातली, दोनदा जोरात शिंकरली, माझी बाही भरली. अजून दोन तासांनी परत थांबलो तेव्हा अर्धी बादली प्यायली.

उतरली तेव्हा नाडी 44, अंगाचं तापमान 38, घोड्याला नेहमीचंच, पायांवर नवीन ओरखडा एकही नाही. काका खाली बसून तिच्या चारी खुरांच्या वरची कड बोटांनी चाचपत राहिले, कितीतरी वेळ. मागच्या वेळचं सोललेलं तिथेच होतं, वर नवीन केस येत होते.

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायला सांगून आलोय, खोकला आला किंवा ताप 38.5 च्या वर गेला तर ताबडतोब डॉक्टर. मालकांना ट्रेलरच्या भिंतीचा फोटो पाठवला आणि पार्टिशन काढा एवढंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, तापमान 37.9, खातेय.