एंजलने खाणं सोडलं आणि गप्पींना जंत निघाले, माझा अनुभव

आमच्या फिशटँकमधला मोठा एंजल मासा दाणे तोंडात घ्यायचा, जरा चघळायचा आणि थुंकून द्यायचा. रोजच व्हायला लागलं तेव्हा आधी पाणी तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य (ही दोन्ही माशांना विषारी), कारण पाणी बिघडलं तरी मासे खात नाहीत आणि तेव्हा औषध टाकलं तर उलट त्रास वाढतो. मग विष्ठेवर लक्ष ठेवलं. पांढरी, बारीक, लांब लोंबत राहणारी. आता नुसती पांढरी विष्ठा म्हणजे जंतच असं नाही हां, पोट रिकामं असलं तरी तशीच होते. पण याचं पोट खपाटीला गेलेलं, डोक्यामागे मांस उरलं नव्हतं, रंग काळपट, म्हणून संशय स्पायरोन्युक्लियस या आतड्यातल्या परजीवीचा. एंजल आणि डिस्कस माशांमध्ये हा नेहमीचा, एकपेशीय आहे त्यामुळे मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही, बरेच जण सरसकट हेक्झामिटा म्हणतात.

यावर औषध मेट्रोनिडॅझोल. पण खरी गोची अशी की गोड्या पाण्यातले मासे पाणी जवळपास पीतच नाहीत, त्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध पोटात कमी जातं, खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं, आणि इथे मासा खायलाच तयार नाही! त्यात गोळी कडू. म्हणून त्याला वेगळ्या हॉस्पिटल टँकमध्ये हलवलं, फिल्टरमधला कार्बन काढला (तो औषध शोषून घेतो), एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला आणि ४० लिटरला साधारण २५० मिलीग्रॅम हिशोबाने गोळीची पूड विरघळवून टाकली, पुढच्या डोसआधी थोडं पाणी बदलायचं. कधीतरी त्याने आर्टेमियाला (बारीक कोळंबीसारखे जीव, माशांचं खाणं) तोंड लावलं आणि गिळला पण, की लगेच औषधाचं खाणं सुरू. २५ ग्रॅम खाण्यात २५० मिलीग्रॅम, वर जिलेटिन म्हणजे औषध पाण्यात सुटत नाही, आणि वासासाठी लसणाचा रस. लसणाने जंत मरतात वगैरे मला पटत नाही, भूक लागावी म्हणून ठीक.

एवढ्यात मोठ्या टँकमधल्या एका गप्पी माशाच्या गुदद्वारातून लाल धागे डोकावताना दिसले. हे कॅमॅलॅनस, खरेखुरे जंत, इथे मेट्रोनिडॅझोलचा काडीचा उपयोग नाही. याला लेव्हॅमिसोल लागतं, लिटरला २ मिलीग्रॅम, आणि अख्ख्या टँकला, कारण याची मादी जिवंत पिल्लं टाकते आणि ती एका माशातून दुसऱ्यात जातात. लाइट बंद ठेवायचा, उजेडात औषध खराब होतं. आणि हे औषध जंत मारत नाही, लुळे पाडतं, मग मासा ते बाहेर टाकतो, म्हणून २४ तासांनी तळ नीट सायफन करून (नळीने घाण ओढून काढून) बरंच पाणी बदललं. हे सायफनचं काम कंटाळवाणं आहे पण टाळलं तर तेच जंत परत पोटात. राहिलेल्या पिल्लांसाठी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सगळं करायचं असतं. एंजल तोपर्यंत चांगला खायला लागला होता, तरी दुसरा डोस होईपर्यंत त्याला हॉस्पिटल टँकमध्येच ठेवला.