‘डिसग्रेस्ड’मधला जेवणाचा प्रवेश बसवताना

अयाद अख्तर यांच्या ‘डिसग्रेस्ड’ या नाटकाला २०१३ सालचं पुलित्झर हे अमेरिकन पारितोषिक मिळालं. पाच पात्रं, चार प्रवेश, न्यूयॉर्कमधल्या अप्पर ईस्ट साइडचा एकच दिवाणखाना, मध्यंतर नाही. तिसऱ्या प्रवेशात जेवायला चौघं असतात: पाकिस्तानी वंशाचा वकील अमीर, त्याची गोरी चित्रकार बायको एमिली, ज्यू क्युरेटर (कलासंग्रहालयातली प्रदर्शनं मांडणारा) आयझॅक आणि त्याची कृष्णवर्णीय बायको जोरी, जी अमीरच्याच फर्ममध्ये वकील आहे.

प्रवेश फसतो तो बहुधा अमीर फार लवकर पेटल्यामुळे. वाद धर्माचा आहे असं धरून नट कुराणाच्या पहिल्या उल्लेखालाच आवाज चढवतो आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. खरं तर अमीरने धर्म सोडलाय, इस्लामवर सगळ्यात जहरी तोच बोलतो. त्याला पोखरतेय ती नोकरी. अब्दुल्ला हे आडनाव टाकून त्याने कपूर लावलं, मूळ भारतातलं सांगितलं. एका इमामाच्या खटल्याच्या बातमीत अमीरचं नाव छापून आल्यावर फर्मने पाळंमुळं खणायला घेतली. पाहुणे यायच्या आधीच तो हे पोटात घेऊन बसलाय. म्हणून तालमीत धर्माच्या वाक्यांआधी फर्मचे संदर्भ पक्के करून घ्यावेत.

दारूचा हिशेब कागदावर मांडा: कोणत्या वाक्याला कोण ओततं, कोण घोट घेतं. व्हिस्कीसाठी पातळ कोरा चहा चालतो, मात्र नुसता ग्लास ओठाला लावून पातळी तशीच राहिली तर पुढच्या रांगांना लगेच कळतं. घास तोंडात असताना कोणाचं मोठं वाक्य येत नाही ना, तेही पाहावं. सॅलड बारीक चिरलेलं बरं. खरं खाणं पहिल्या तालमीपासून हवं, रंगीत तालमीला आणलं तर लय बिघडते.

प्रवेशाच्या शेवटी अमीर एमिलीला मारतो. ही मारहाण फाइट डायरेक्टरशिवाय, म्हणजे रंगमंचावरची मारामारी बसवणाऱ्या जाणकाराशिवाय, बसवू नये. आधी अगदी संथ वेगात, अंतर राखून. फटक्याचा आवाज एमिलीने प्रेक्षकांना न दिसणाऱ्या हातांच्या टाळीने काढायचा, म्हणजे वेळ तिच्या ताब्यात राहते. ती पडते ती सोफ्याच्या आडोशाला. खोट्या रक्ताची पुडी तिथेच, जमिनीलगत चिकटवलेली असावी. अमीरचा भाचा एब दारात येईपर्यंत तिला चेहरा रंगवायला जेमतेम काही सेकंद मिळतात. पुडी फुटलीच नाही तर दुसरी हाताशी हवी.