सळई होती, तरी भिंत पडली

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात घुसलं आणि त्यानंतर पाचव्या दिवशी मी तिकडच्या एका गोडाऊनवर पोचलो. वाटेत सुपारीच्या बागा आडव्या, लाइट नाही, फोनला रेंज नाही. समुद्राकडची १२ फुटी हॉलो ब्लॉकची, म्हणजे आतून पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत अख्खी आत झोपलेली. मालक काका एकच सांगत होते, "साहेब, सळया टाकल्या होत्या हो, मी स्वतः उभा राहून टाकून घेतल्या."

काका खोटं बोलत नव्हते. भिंतीच्या पायातून वर आलेल्या सळया वाकून तिथंच होत्या, ब्लॉक तेवढे त्यांच्यातून निसटून गेलेले, आणि ब्लॉकसुद्धा बरेचसे धड, फक्त आडव्या सांध्यातला सिमेंट-वाळूचा माल पापडासारखा सुटून आलेला. मग शिडी लावून शेजारच्या उभ्या भिंतीवर चढलो, वरच्या पोकळीत हात घालून सळई हलवली तर ती आत खुळखुळ वाजली. पोकळीत काँक्रीट कुणी भरलंच नव्हतं!

मला तिथंच पोटात गोळा आला, कारण आतून माणसं निघाली नसती तर काय झालं असतं. भिंत वरून कितीही वजन घेते हो, पण वारा तिला वाकवतो, एका बाजूचे सांधे उघडायला बघतो, आणि सिमेंटच्या सांध्याला ताण सोसतच नाही, तो ताण सळईने घ्यायचा असतो, आणि सळई काँक्रीटने ब्लॉकला चिकटली असेल तरच घेणार ना. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६५ किलो, म्हणजे त्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर सव्वादोनशे किलोच्या वर रेटा. त्यात शेजारच्यांनी सांगितलं की आधी पत्रे उडाले, छपराला धरणाऱ्या कैच्या सुटल्या आणि मग भिंत गेली. वरचा आधार गेला की तीच भिंत नुसती पायावर उभी, आणि तळाशी वाकवणारा जोर तर एकदम चौपट होतो. बाजूच्या भिंती वाचल्या, त्यांना ऑफिसच्या आडव्या भिंतींचा टेका होता.

पावसाळ्यानंतर परत बांधली तेव्हा दर १० फुटाला खांब घेतला, वर काँक्रीटचा पट्टा, आणि सळईच्या प्रत्येक पोकळीत बारीक खडीचं पातळ काँक्रीट, तीन-तीन थर झाले की ओतायचं आणि सळईने कोचायचं. गवंडी म्हणाला, "एवढं कशाला?" काका काही बोलले नाहीत, हातोडी घेऊन एकेक ब्लॉक ठोकत गेले, एका ठिकाणी आवाज पोकळ आला तर तिथलं फोडून परत भरायला लावलं.