शंभराची नोट

बडीशेपेच्या बशीत मी दहाची नोट ठेवली. भावजींनी ती उचलून माझ्या खिशात कोंबली अन् शंभराची ठेवली. सात रस्त्याजवळचं साधं हॉटेल, वेटरही चक्रावला.

भावजी नुकतेच केनियातलं मसाई मारा अभयारण्य बघून आलेत. तिथं गाईडला गाडीमागं दिवसाला साधारण १०-२० डॉलर, तेही शेवटच्या दिवशी, पाकिटात घालून द्यायची पद्धत. कॅम्पवरच्या बाकी माणसांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी पेटी. नोटा मात्र नव्या हव्यात, जुना डॉलर सहसा कुणी घेत नाही.

"मग तुम्ही किती दिले?"

"शेंगाचटणीचं पाकीट दिलं. आपली सोलापूरची." जरा थांबून म्हणाले, "वास घेतला त्यानं, हसला. अन् तिथंच उभा राहिला."

मग ही शंभराची नोट नक्की कुणाची?