कुलंगच्या पदरात रात्री नऊपर्यंत

दिवाळीत नाशिकमध्ये थांबलं की दोनच कामं असतात, दुसऱ्यांकडे जाऊन फराळ करणं आणि आपल्याकडे आलेल्यांना फराळ देणं. भाऊबीज उरकली आणि जोडून शनिवार-रविवार आला तसा ग्रुपवर एकच शब्द पडला, कुलंग. लगेच चार अंगठे वर. सिडकोवाला गाडी काढणार, डॉक्टर फोनवर वाटेचा जीपीएस ट्रॅक डाउनलोड करणार, सर (खरंच शाळेत सर आहेत) खाण्याचं बघणार, आणि मी नेहमीप्रमाणे दोर-टॉर्च-औषधं. दोर कुलंगला लागत नाही हे मी तीनदा सांगितलं तरी न्यायला लावला ते सोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले इगतपुरी परिसरात शेजारी शेजारी उभे आहेत. अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या असं सांगतात, त्यामुळे तिथे कातळटप्पे आणि दोराचं काम. कुलंगच्या पायऱ्या शाबूत आहेत, फक्त चढ संपता संपत नाही. त्यामुळे लोक त्याला सोपा समजतात आणि खालच्या जंगलात जिरते.

पहाटे निघालो, घोटीत चहा-वडापाव, मग पिंपळगाव मोर, वासाळी करत आंबेवाडी. वाटाड्या घ्यायचा हे ठरलेलंच होतं. पण गावात माणूसच नाही! सगळं गाव भातकापणीला. या भागात दिवाळी म्हणजे भात कापून खळ्यावर आणायचे दिवस, इंद्रायणी पिवळीधमक उभी, त्यात वर ढग दिसत होते. एका ओट्यावर मावशी होत्या, त्या म्हणाल्या, "आज तुमच्यासंगं कोन येतंय, पाऊस आला तं वर्साचं भात जाईल." मुद्दा बरोबर होता. डॉक्टर म्हणाला माझ्याकडे ट्रॅक आहे ना, आणि आम्ही निघालो.

चढताना काही त्रास झाला नाही. घाम निघाला, गवत कमरेएवढं, सरांच्या पॅन्टला कुसळं चिकटून चिकटून ती पॅन्ट राहिलीच नाही, पण चुकलो नाही. दुपारनंतर पायऱ्या लागल्या, मग दरवाजा, मग वर. वरचं सविस्तर लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. एवढंच सांगतो की पाण्याच्या टाक्यांची ती रांग आणि घळीत भिंत घालून पाणी अडवलंय ती जागा, त्या भिंतीला पाणी सोडायला गोमुख ठेवलंय, ते बघायला तरी एकदा जाच. इतक्या उंचीवर बसून एवढा विचार करणारी माणसं होती. गुहेत मुक्काम, सकाळी समोर अलंग-मदन आणि मागे १६४६ मीटरचं कळसूबाई, सगळं धुक्याच्या वर.

रविवारी सकाळीच उतरायचं होतं. सरांनी खिचडी मांडली. मग खिचडीनंतर चहा. मग सिडकोवाल्याला टाक्याशी ड्रोनसारखा शॉट हवा होता, ड्रोन नसताना. उतरायला लागलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

चढताना आणि उतरताना जंगल सारखं नसतं. चढताना सगळ्या वाटा एकमेकींना मिळत मिळत वर जातात, कुठूनही घुसा, शेवटी पायऱ्यांशीच येणार. उतरताना त्याच वाटा फुटत जातात. पायऱ्या संपून पदरातल्या, म्हणजे दोन कड्यांच्या मधल्या टप्प्यावरच्या, जंगलात आलो आणि कारवीची दाट झुडपं सुरू झाली. डोक्याच्या वर दोन हात, दोन्ही बाजूंनी भिंत, पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्यात दर वीस पावलांवर फाटा. डॉक्टरच्या फोनमधला ट्रॅक कोणीतरी फेब्रुवारीत रेकॉर्ड केलेला, तेव्हा गवत वाळून बसलेलं असतं आणि वाट उघडी असते, आत्ता तिथे सलग हिरवंपिवळं. शिवाय कड्याला चिकटून चालताना अर्धं आभाळ कातळाने झाकलेलं, सॅटेलाइट पुरेसे मिळत नाहीत, निळा ठिपका उड्या मारत होता. एकदा तर आम्ही कड्याच्या पोटात उभे होतो मॅपप्रमाणे.

तासाभराने ओढा लागला, कोरडा. सिडकोवाला म्हणाला ओढ्यानेच उतरू, पाणी शेवटी गावाकडेच जातं. हे ऐकायला एकदम पटतं. पण सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, प्रत्येक थराची कड म्हणजे एक कडा आणि दोन कड्यांच्या मधे हा पदर. ओढा पदरात गुमान चालतो आणि थर संपला की सरळ खाली उडी मारतो. पावसाळ्यात आपण ज्याला धबधबा म्हणून फोटो काढतो तोच. आम्ही त्याच्या माथ्यावर जाऊन उभे राहिलो. खाली झाडांचे शेंडे, आणि त्याखाली बरंच काही नाही. दोर होता, हो, पण खालचं दिसत नसताना कोण उतरणार.

परत वर. नोव्हेंबरात सहालाच सूर्य जातो, आणि कड्याच्या सावलीत त्याच्याही आधी अंधार. या वेळेपर्यंत ग्रुपमधले विनोद बंद झाले होते. खालून गावात फटाक्यांचे आवाज येत होते, म्हटलं आवाजाच्या दिशेने जाऊ, तर तो आवाज मदनवर आपटून एकदा, कुलंगवर आपटून एकदा, गाव तिन्हीकडे. सर म्हणाले मला वाटतं आपल्याला चकवा लागलाय. डॉक्टरने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चकली काढून सगळ्यांना वाटली.

शेवटी एका उघड्या कातळावर बसायचं ठरलं, हालायचं नाही. तिथून खाली दिवे दिसत होते. टॉर्च उघडझाप करत राहिलो, आळीपाळीने ओरडत राहिलो. पाऊण तासाने खालून हाक, "कोन हाये रे वर?" आयुष्यात एवढा गोड आवाज ऐकला नाही.

एक मामा आणि त्यांचा पुतण्या, दोघांच्या पायात साध्या चपला. आल्या आल्या मामांनी आम्हाला शिव्या दिल्या, पाणी दिलं, परत शिव्या दिल्या. "ही वाट जित्राबांची हाये, तुमची न्हाई." मी विचारलं मामा ओळखायचं कसं, दोन्ही तर सारख्याच दिसतात. त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेऊन वर मारली. खाली पायाशी वाट स्वच्छ मळलेली, पण तोंडासमोर फांद्या आडव्या. गुरं खालून जातात, त्यांना काय त्याचं. मग थोडं पुढे जाऊन दुसरी वाट दाखवली, खाली गवतात जवळजवळ पुसलेली, पण खांद्याच्या उंचीला कारवीच्या काठ्या तिरक्या तुटलेल्या, कोयत्याने, काही जुन्या काळ्या पडलेल्या, काही पांढऱ्या ताज्या. लोक कुडाच्या भिंतींना कारवी नेतात, त्यांची ती वाट. आम्ही दिवसभर खाली बघत चाललो होतो. गुरांची वाट गवतापाशी जाते आणि गवत संपलं की संपते, एवढं साधं.

नऊला मामांच्या घरी. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, गरम भात. आमचा उरलेला चिवडा पोरांनी संपवला. पैसे द्यायला गेलो तर मामांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "पैशे नको, सकाळी दोन गडी कमी हायेत, भारे खळ्यावर न्यायचेत."

सरांना शाळेला सुट्टीच होती, बाकीच्यांनी सकाळी ऑफिसला फोन केले. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालणं हा कुलंगपेक्षा अवघड ट्रेक आहे, मानेत कुसळं जातात ती वेगळीच, आणि मामांच्या घरातल्या आजी आमच्या दुप्पट भारे नेत होत्या, वर आम्हाला हसत होत्या. सिडकोवाला दोनदा बांधावरून घसरला. दुपारी जेवून निघालो, घोटीला ट्रॅफिक, घरी पोचायला संध्याकाळ.

डॉक्टरच्या घड्याळात रविवारचा आख्खा ट्रॅक सेव्ह झाला होता, नकाशावर बघितलं तर नुसता गुंता. त्याने तो 'कुलंग, सोपी वाट' नावाने अपलोड केला. त्याला सांगून काढायला लावलाय, तरी कुठे दिसला तर डाउनलोड करू नका.