तुम्ही विचारलंत म्हणून: "फौजी, किती मारले?"

येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात कोपीपुढं भज्जी-आंबील चालू असते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "फौजी, किती जणांना उडवलं ओ?" मी हसून अजून एक भाकर मागतो. आता तुम्ही पण विचारलंत म्हणून लिहितो.

आकडा नाही माझ्याकडं. काश्मीरात असताना रात्री घरं तपासायची ड्यूटी लागायची, कुणीतरी लपलंय अशी खबर असायची, तर एका घरात हत्यार बघायला मी पिठाचा डबा जमिनीवर पालथा केला, काहीच निघालं नाही, आणि तिथली म्हातारी एक शब्द न बोलता खाली बसून ओंजळीनं पीठ भरू लागली, माझ्या बुटाला लागलेलं सुद्धा झटकून घेतलं तिनं. ऑर्डर होती, चुकीची पण नव्हती. गोळीबाराच्या रात्री बऱ्याच विसरलो, हे पीठ काय जात नाही.

लोक म्हणतात तुमचं काय, तुम्ही हुकमाचे ताबेदार. पण कायदा पण एवढं सोडत नाही बरं का, आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 41 मध्ये शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याची, बेकायदा हुकूम मोडल्याची नाही. व्हिएतनाममध्ये 16 मार्च 1968 ला माय लाय गावात अमेरिकन जवानांनी शेकडो म्हातारे, बाया, लेकरं मारली, लेफ्टनंट कॅली म्हणाला वरून ऑर्डर होती, कोर्टानं ऐकलं नाही, जन्मठेप दिली (भोगली साडेतीनेक वर्षं, ती पण बहुतेक नजरकैदेत, जाऊ द्या). त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकन पायलटनं गावकरी आणि आपलेच जवान ह्यांच्या मधी हेलिकॉप्टर उतरवलं आन् गनरला सांगितलं, ह्यांनी लोकांवर गोळ्या चालवल्या तर तू ह्यांच्यावर चालव. ह्यासाठी सोल्जर्स मेडल त्याला 1998 ला मिळालं, त्याच्या आधी धमक्या, दारू, घटस्फोट, रात्रीची भयानक स्वप्नं. म्हणजे जो बरोबर वागला त्याची पण झोप गेलीच की! त्याच्या जागी मी असतो तर उतरवलं असतं का, हे विचारा ना मला.

आमच्यातला एकजण आता लातूरला बँकेत गार्ड आहे, रात्रभर गच्चीवर फिरतो, घरचे देवऋषी बघायलेत. त्याला 14416 नंबर दिलाय, टेलिमानसचा, मनाच्या त्रासावर बोलायची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. "मी काय येडा हाव का" म्हणला. पुढच्या रविवारी परत चाललोय त्याच्याकडं, फोन मीच लावून देणार आहे.