रिपोर्ट नॉर्मल, तळपाय मात्र पेटलेले

रात्री पायांवर चादर सहन व्हायची नाही. दिवसभर बूट घालून वावरणारी मी, पातळ चादर पावलांना लागली की कळवळायचे. तळव्यांची आग, मधूनच शॉक लागावा तशी कळ, पहाटे मुंग्या.

पहिल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी कमरेचा एमआरआय करवला. त्यात काही नव्हतं. मग एनसीव्ही, म्हणजे त्वचेवरून छोटे शॉक देऊन नसांचा वेग मोजतात ती तपासणी. तीही नॉर्मल. “टेन्शन कमी करा,” असं ऐकून बाहेर पडले. सगळ्यात वाईट म्हणजे, ते मला थोडंसं पटलंही होतं.

पुढच्या न्यूरोलॉजिस्ट बाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “कसं दुखतं?” तोवर सगळ्यांनी कुठे दुखतं एवढंच विचारलेलं. जळजळतं का, गार झोंबतं का, शॉक बसतात का, मुंग्या येतात का, टोचतं का, बधिर वाटतं का, खाज येते का, असे सात प्रश्न. मग पायावर तपासणीचे तीन मुद्दे. ही डीएन4 नावाची प्रश्नावली. 10 पैकी 4 किंवा जास्त गुण पडले की दुखणं नसांचं असण्याची शक्यता बळावते. माझे सात पडले. मार्क मिळाल्याचा आनंद असा कधी झाला नव्हता!

पायाच्या अंगठ्याला टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर मला नीट कळली. टाचणी मात्र बोथट लागली, आणि ब्रश फिरवला तर चटका बसला. बाई म्हणाल्या, “नसांत जाड तंतू असतात आणि बारीकही. थरथर जाड तंतूंतून कळते. टोचणं, गरम-गार बारीक तंतूंतून. एनसीव्हीला फक्त जाड दिसतात.” म्हणजे रिपोर्ट खरा होता. माझं दुखणंही खरं होतं. तपासणीच दुसऱ्या तंतूंची झाली होती.

मग त्वचेची बायोप्सी. घोट्याच्या 10 सेंटीमीटर वर, भूल देऊन, 3 मिलिमीटरचा तुकडा. टाकासुद्धा लागला नाही. त्यातले बारीक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. माझे अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. स्मॉल फायबर न्यूरोपॅथी. नाव मिळालं त्या दिवशी मी गाडीत बसून रडले, आणि ते दुःखाने नव्हतं.

नाव म्हणजे कारण नव्हे, हे बाईंनी लगेच बजावलं. बी-12, थायरॉइड, काही ऑटोइम्यून आजार, सगळं तपासलं. उपाशीपोटीची साखर आधीही नॉर्मलच होती. या वेळी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं: 172. ती 140 च्या आत हवी. 200 पासून मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात, प्रीडायबेटिस. इथेही नॉर्मल आकड्याने मला चकवलंच होतं. काहींच्या बाबतीत कारण सापडतच नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या हिशेबाने मी नशीबवान.

आता रात्री ड्युलॉक्सेटिनची गोळी, आणि साखरेसाठी चालणं. गोळी दुखणं उतरवते, तंतू परत आणत नाही. दुखणं निम्म्यावर आलं तरी ते यश धरायचं, असं ठरलंय. झोपण्याआधी वहीत 10 पैकी आकडा लिहिते. परवा 6 लिहिला होता, काल 4. चादर अजून उशांवर तोलूनच धरावी लागते.